हरणीची साखर आधी तपासा

डॉक्टर, नमस्कार.

आमची हरणी मुधोळ जातीची कुत्री, अकरा वर्षांची. सासऱ्यांनी ती पिल्लू असताना आणली. दोन महिने झाले, वजन उतरतंय. शी अधूनमधून काळीकुट्ट आणि चिकट होते. आधी गोचीड ताप समजून गावात इंजेक्शनं झाली, जंताचं औषधही दिलं. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. गेल्या पंधरवड्यात नवीनच सुरू झालंय. सकाळी उठली की मागचे पाय लटपटतात, नजर हरवल्यासारखी होते, एकदा भिंतीवर आदळली. दूध-भाकरी पोटात गेली की तासाभरात शेपूट हलवत दारात हजर.

बेळगावला नेलं. हिमोग्लोबिन ७ निघालं. गोचीड तापाची तपासणी निगेटिव्ह. सोनोग्राफीत लहान आतड्याला पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. रिपोर्टमध्ये 'आतड्याच्या स्नायूच्या थरातली गाठ, लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा असू शकते' असं आहे, आणि लिव्हरवर दोन बारीक ठिपके आहेत असंही. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. ते कन्नडमधून भराभर बोलले. निम्मं कळलं, निम्मं विचारायचा धीर झाला नाही.

सासरे म्हणतात, 'म्हातारी झालीया ती, आता कशाला कापायचं तिला?' नवरा म्हणतो, गणपती होऊ देत, मग बघू. जाऊबाईंना वाटतं हा रोग घरातल्या पोरांना लागेल. मी शाळेत शिकवते, पण घरात यातल्या कुणालाच उत्तर देता येत नाही. ऑपरेशन केलं तर ती किती जगेल? नाही केलं तर पाप लागेल का?

(एक वाचक, नंदगड परिसर, ता. खानापूर)

ताई,

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ गाठीची नाही, सकाळच्या लटपटण्याची आहे. उपाशीपोटी पाय जातात, नजर हरवते, आणि खाल्ल्यावर तासाभरात कुत्री ठीक होते. हिमोग्लोबिन ७ असलेलं कुत्रं थकलेलं असतंच (निरोगी कुत्र्याचं साधारण १२ ते १८ असतं), पण रक्त कमी असल्याचा थकवा भाकरी खाऊन तासाभरात जात नाही. खाल्ल्यावर जाणारी कमजोरी साखरेची असते. आणि तुम्ही कळवलेल्या तपासण्यांत साखरेचा आकडा कुठेच नाही.

आतड्याच्या स्नायूच्या काही गाठी, मग त्या साध्या असोत की कॅन्सरच्या, इन्शुलिनसारखं काम करणारा एक पदार्थ रक्तात सोडतात. त्याने रक्तातली साखर ओढली जाते. रात्रभर पोट रिकामं राहिलं की पहाटे ती तळाला जाते. कुत्र्याची साखर ७० ते १२० च्या दरम्यान असावी. ६० च्या खाली ती कमीच धरायची, आणि ५० च्या खाली गेली की धडपडणं, थरथर, शेवटी झटके. स्वादुपिंडाच्या गाठीत किंवा यकृत खूप बिघडलं तरी असंच होतं, तेव्हा आकडा कमी आला म्हणजे हीच गाठ कारण आहे असं लगेच सिद्ध होत नाही. पण गाठ समोर दिसत असताना पहिला संशय तिच्यावरच जातो. त्यात एक दिलासाही आहे. गाठीमुळे साखर उतरत असेल तर गाठ काढल्यावर ती सहसा जागेवर येते.

म्हणून उद्या सकाळी, लटपटत असतानाच, पहिला घास देण्याआधी तिची साखर तपासून घ्या. त्यासाठी तिला मुद्दाम जास्त वेळ उपाशी ठेवू नका. गावात कुणाकडे माणसांचं ग्लुकोमीटर असेल तर कानाच्या कडेच्या थेंबावर आकडा बघता येतो. कुत्र्याच्या रक्तात ते यंत्र जरा कमी दाखवतं आणि रक्त कमी असेल तर उलट जास्त दाखवतं, त्यामुळे तो आकडा अंदाजापुरता धरा. पक्का आकडा लॅबचा. लॅबला रक्त द्यायचं तर फ्लोराईडच्या, म्हणजे राखाडी बुचाच्या नळीत द्यायला सांगा. साध्या नळीत रक्त तासन् तास पडून राहिलं तर त्यातल्या पेशीच साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. खानापूरहून बेळगावला नमुना जाईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो, म्हणून हे सांगतोय.

तोपर्यंत तिला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्या. शेवटचं खाणं रात्री अकराच्या सुमारास आणि पहिलं पहाटे, घर जागं होण्याआधी. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, अंडं, पेज चालेल. दूध सोसत असेल तर थोडं. कुंदा, पेढे, साखरपाणी हे रोजचं खाणं म्हणून नको, कारण एकदम चढलेली साखर तितक्याच झपाट्याने खाली येते. मध मात्र हाताशी ठेवा. ती कोसळलीच तर बोटावर मध घेऊन ओठाच्या आतून हिरड्यांना चोळा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. झटका येत असताना दातांमध्ये बोट घालू नका. शुद्धीवर आली की लगेच खायला द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता गाठीबद्दल. आतड्याची भिंत थरांची असते. सायकलच्या चाकाला आत ट्यूब आणि वर टायर असतो, तसं आत अन्नाला लागणारं मऊ अस्तर आणि त्यावर स्नायूंचा थर. आपल्या इच्छेविना चालणारे हे स्नायू अन्न पुढे ढकलतात. हरणीची गाठ त्या बाहेरच्या थरातून उगवलेली दिसते. अशा गाठी बऱ्याचदा पोटाच्या पोकळीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला वाढतात, आतड्याची वाट लवकर बंद करत नाहीत. म्हणून उलट्या सुरू व्हायच्या आधीच गाठ चांगली मोठी झालेली असते. आणि आतलं अस्तर ताणून एखाद्या ठिकाणी झिजलं की तिथून थेंब थेंब रक्त झिरपायला लागतं. ते रक्त आतड्यात पचतं आणि शी काळी होते. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी आधी गोचीड ताप आणि जंत धरले ते योग्यच होतं. आपल्या भागात रक्त कमी झालेल्या कुत्र्यात तीच दोन कारणं आधी तपासायची असतात, आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारे हुकवर्म अशीच काळी शी करतात.

इथेच एक विचारतो. लंगडते, कण्हते म्हणून कुणी तिला घरातली अंगदुखीची गोळी दिली आहे का? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन? दिली असेल तर आजपासून बंद, आणि डॉक्टरांना लपवू नका. कुत्र्याच्या जठराला या गोळ्यांनी व्रण पडतात आणि शी अशीच काळी होते. त्यात कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलं तर धोका दुप्पट. स्टेरॉइडने भूक लागते, साखरही वर येते, दोन दिवस कुत्रं उड्या मारतं आणि घरच्यांना वाटतं उतार पडला. आत व्रण मात्र खोल जात असतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही शीचा रंग गडद होतो, हे ध्यानात ठेवा, म्हणजे उगाच जीव खाली-वर होणार नाही.

रिपोर्टमधली दोन नावं सारखी दिसतात, पण त्यांचा अर्थ फार वेगळा आहे. लायोमायोमा साधी गाठ. हळू वाढते, दुसरीकडे पसरत नाही, आणि कुत्र्यांत ती जास्त करून जठरात, अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या भागात सापडते. कित्येक म्हाताऱ्या कुत्र्यांत ती कधी त्रासच देत नाही. लायोमायोसार्कोमा हा कॅन्सर. तो लहान आतड्यात आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळच्या आंधळ्या पिशवीत, म्हणजे सीकममध्ये, जास्त दिसतो आणि आतड्यांजवळच्या लसिकाग्रंथी, यकृत इथे पसरू शकतो. जागा बघता हरणीच्या बाबतीत दुसऱ्याची शक्यता मला जास्त वाटते. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

पण तिसरंही एक नाव आहे, जे तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. त्याला गिस्ट म्हणतात. आतड्याच्या हालचालीचा ताल राखणाऱ्या काही पेशी असतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्या प्रथम दाखवल्या म्हणून त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. त्यांच्या वळणाच्या पेशींपासून झालेली ही गाठ साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या गाठीसारखीच दिसते. पूर्वी लायोमायोसार्कोमा म्हणून नोंदलेल्या कुत्र्यांच्या बऱ्याच जुन्या गाठी नंतर पुन्हा तपासल्या तेव्हा गिस्ट निघाल्या. फरक कळतो तो खास रंगतपासणीने. पेशींवर किट नावाचं प्रथिन आहे का ते बघतात. हा तपशील डॉक्टरांपुरता वाटेल, पण पुढच्या औषधाचा निर्णय त्यावर आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

सोनोग्राफीवरून ही तीन नावं एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, कितीही चांगलं यंत्र असलं तरी. सुईने पेशी काढून बघू म्हणाल, तर स्नायूच्या गाठी सहजी पेशी सोडत नाहीत, पुष्कळदा सुईत नुसतं रक्त येतं. दुर्बिणीची नळी लहान आतड्यात इतक्या खोल पोचत नाही, आणि पोचली तरी आतल्या अस्तराचा तुकडा हाती लागतो, गाठ त्याच्या मागे राहते. म्हणून अशा गाठीत ऑपरेशन हाच उपचार आणि हीच तपासणी. 'आधी कॅन्सर आहे का ते कळू दे, मग कापू' हा क्रम इथे लागू पडत नाही. हे मी ठासून सांगतो, कारण या एका वाक्यावर अनेक घरांत महिने निघून जातात.

लिव्हरवरच्या दोन ठिपक्यांनी तुमचा धीर खचला असेल. खचू देऊ नका. दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्यांच्या यकृतात वयाने येणाऱ्या निरुपद्रवी गाठी अगदी नेहमी दिसतात. सोनोग्राफीत त्या आणि पसरलेला कॅन्सर यांत फरक करता येत नाही. ठिपका सुईच्या टप्प्यात असेल तर तिथली सुईतपासणी करता येते. नाहीतर ऑपरेशनच्या वेळी पोट उघडलेलंच असतं, तेव्हा यकृताचा छोटा तुकडा घ्यायला सांगा. त्याआधी छातीचे एक्स-रे हवेत, दोन्ही कुशींवरून आणि एक उताणं किंवा पालथं झोपवून. फुप्फुसात पसरलेलं दिसलं तर माझा सल्ला बदलेल. नुसत्या दोन ठिपक्यांवर कुत्रीचा निकाल लावू नका.

सासऱ्यांच्या बोलण्यात माया आहे असं मला वाटतं. ज्यांनी पिल्लू हातात धरून आणलं, त्यांना टेबलावर कापलेली कुत्री डोळ्यांसमोर आणवत नाही. त्यांना सांगा, वय हा रोग नाही. अकरा वर्षांचं वय भूल देताना ध्यानात घ्यायचं, पण हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासणीत ठीक असतील तर नुसत्या वयासाठी कुणी सर्जन नकार देत नाही. या गाठी होतातच म्हाताऱ्या कुत्र्यांना, त्यामुळे ज्या कुत्र्यांना ऑपरेशनने दिवस मिळाले तीही म्हातारीच होती. मुधोळबद्दल एक खास गोष्ट मात्र भुलीच्या डॉक्टरांना आठवण करून द्या. घोरपड्यांच्या संस्थानात जपलेली, २००५ साली टपाल तिकिटावर आलेली ही आपल्या मुलखाची जात शिकारी, सडपातळ, अंगावर चरबी नसलेली. अशा धावऱ्या जातींच्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागू शकतो, आणि हरणी तर आता आणखीच वाळलेली आहे. आज यापेक्षा सुरक्षित भूल उपलब्ध आहे. कुठली देणार, एवढंच विचारा.

तुमच्या यजमानांना मात्र मी नाही म्हणेन. गणपतीत घर भरलेलं असतं, मुंबई-पुण्याची माणसं येतात, हे मला ठाऊक आहे. तरीही ही गाठ सणासाठी थांबणार नाही. झिजलेल्या जागी आतड्याला भोक पडलं तर शी पोटात पसरते आणि तासांच्या हिशेबात कुत्री जाते. रक्त चढवायला, साखर सावरायला चार-पाच दिवस घ्यावे लागले तर ते घ्यायचेच, ते दिवस तयारीचे. त्यापलीकडचा उशीर नको. मधल्या काळात पोट अचानक टम्म झालं, हात लावू देईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, सारख्या उलट्या झाल्या, तर रात्र असो की विसर्जनाची मिरवणूक, तसंच उठून निघा.

जाऊबाईंना निश्चिंत करा. हा रोग कुत्र्याकडून माणसाला लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही लागत नाही. तिला अंगणात बांधायची गरज नाही. पहाटे साखर उतरणारी कुत्री नजरेआड बांधून ठेवणं उलट धोक्याचं.

रक्ताचं बोलू. हिमोग्लोबिन ७ वर पोट उघडणं जोखमीचं आहे, आधी रक्त चढवावं लागण्याची तयारी ठेवा. कुत्र्याला रक्त कुत्र्याचंच लागतं. गावात किंवा नात्यात एखादं धट्टंकट्टं, २५ किलोच्या वरचं, एक ते सात-आठ वर्षांचं, लसीकरण झालेलं, शांत कुत्रं बघून ठेवा. गोचीड तापाची तपासणी त्या रक्तदात्याचीही करायची, नाहीतर एक रोग काढताना दुसरा द्याल. दोन्ही रक्तं जुळवून बघायला सांगा. पहिल्यांदा रक्त घेणारं कुत्रं सहसा ते नीट सोसतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'बारानंतर काही देऊ नका' असं सगळ्यांना सांगतात. हरणीला तसं उपाशी ठेवायचं तर ग्लुकोजच्या सलाईनखालीच ठेवावं लागेल. ती घरी उपाशी राहून सकाळी गाडीतून खड्ड्यांचा रस्ता तुडवत बेळगावला जाईल, हे चालणार नाही. आदल्या संध्याकाळीच दाखल करा. भूल देताना आणि उतरताना साखर पुन्हा पुन्हा मोजायला हवी. हे तुम्ही तोंडाने सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

गाठीसकट आतड्याचा तो भाग, दोन्ही बाजूंनी काही सेंटिमीटर निरोगी आतडं घेऊन, काढतात आणि टोकं शिवून जोडतात. ही शिवण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात कच्ची असते. कुत्री पहिल्या दिवशी उठून बसली, पाणी प्याली, म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि चौथ्या दिवशी ती मान टाकते, असं होऊ शकतं. ताप, उलटी, खाणं बंद, पोट दुखणं यातलं काहीही त्या दिवसांत दिसलं तर थांबायचं नाही. म्हणून ते पाच-सहा दिवस बेळगावात कुणाकडे मुक्काम करता आला तर बघा. खानापूर फार लांब नाही, पण पावसाळ्यातल्या रात्री मध्येच झाडं पडतात, आणि तुमचं गाव तर रस्त्यापासून आत. घरी आणल्यावर जखम कोरडी ठेवा. आपल्याकडच्या पावसात तेच अवघड, तेव्हा तिला पडवीत नको, आतल्या खोलीत जुन्या चादरींवर ठेवा.

काढलेली गाठ अख्खी तपासायला गेली पाहिजे. 'बघितलं, काढलं, झालं' यावर समाधान मानू नका. गाठीच्या निदान दहा पट फॉर्मेलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत, मोठी असेल तर मध्ये काप देऊन. घाईत पाण्यात, स्पिरिटमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात पाठवलेली गाठ लॅबला नीट वाचता येत नाही. जवळची लसिकाग्रंथी आणि यकृताचा तुकडा वेगळ्या बाटल्यांत, नावासकट.

किती जगेल? खरं तेच सांगतो. टेबलावर किंवा पहिल्या आठवड्यात तिला गमावण्याची भीती खरी आहे, आणि इतकी अशक्त कुत्री असताना ती थोडी नाही. तो टप्पा पार केलेल्या, आतड्याचा लायोमायोसार्कोमा काढलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली असा जो मधला काळ धरतात, तो वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ८ महिन्यांपासून २१ महिन्यांपर्यंत येतो. ऑपरेशनच्या वेळीच पसरलेल्या गाठी सापडूनही वर्षाहून अधिक काळ सुखाने राहिलेली कुत्री त्यात आहेत. गिस्ट निघालं तर काळ सहसा आणखी लांब, एका अभ्यासात तो तीन वर्षांच्या आसपास होता. आणि लायोमायोमा निघाला, तो पूर्ण काढता आला, तर हिशेबच संपला, ती तिच्या वयाने जाईल. अकरा वर्षांच्या मुधोळला एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ आहे, ताई. पोटाच्या इतर अनेक कॅन्सरमध्ये आम्हाला घरच्यांना असं काही देता येत नाही. म्हणूनच, छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल आणि रक्त-साखर सावरता आली तर मी ऑपरेशन करा म्हणेन.

रिपोर्ट आला की तीन गोष्टी बघा. नाव काय, कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे गाठीच्या पेशींविना, आहेत का, आणि पेशींच्या विभाजनाचा वेग किती लिहिलाय. नाव लायोमायोसार्कोमा असेल तर किटची रंगतपासणी करता येईल का ते विचारा. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे गिस्ट ठरलं, आणि गाठ पूर्ण निघाली नसेल किंवा पसरली असेल, तर टोसेरानिब, इमॅटिनिब अशी औषधं आहेत. इमॅटिनिब हे माणसांच्या एका रक्ताच्या कॅन्सरचं औषध. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटबद्दल दिलेला निकाल तुम्हाला आठवत असेल. आपल्या कंपन्या ते बनवतात, त्यामुळे ते आवाक्यात येऊ शकतं. पण ते कुत्र्याच्या यकृताला त्रास देऊ शकतं आणि गिस्ट नसलेल्या स्नायूच्या गाठीवर त्याचा उपयोग धरता येत नाही. कुणाची उरलेली पट्टी मिळाली म्हणून सुरू करू नका.

खर्चाचा आकडा मी इथून सांगणार नाही, पण तुम्ही तो कागदावर मागा: ऑपरेशन, रक्त, मुक्काम आणि लॅब, चारही वेगवेगळे. झेपत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पुणे-बेंगळूर महामार्गावर साताऱ्याच्या पुढे शिरवळ, नाहीतर बेंगळूरचं हेब्बाळ, मुंबईचं परळ. मात्र पहाटे साखर उतरणारी कुत्री घेऊन लांबचा प्रवास करायचा तर दर तीन-चार तासांनी खाणं सोबत हवं. आधी फोन करून दिवस ठरवून मगच निघा.

आणि डॉक्टरांशी बोलण्याचं. आपल्या भागात दवाखान्यात कन्नड, मराठी, हिंदी एकाच वाक्यात येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरळ म्हणा, 'सर, सावकाश सांगा, मला लिहून घ्यायचंय.' ज्यांनी सोनोग्राफी करून गाठीचा थर ओळखला ते डॉक्टर कामाचे आहेत. त्यांना वेळ नसेल तर त्यांच्या कंपाउंडरला किंवा तुमच्या शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घ्या. न समजता सही करू नका.

ऑपरेशन न करायचं ठरलं तर? कधी पैसे नसतात, कधी एक्स-रेत पसरलेलं दिसतं, कधी घरातल्या कुणाचं मन धजत नाही. त्यात पाप नाही. पण 'जाईल आपसूक' म्हणून काहीच न करणं मला मान्य नाही. मग तिला वारंवार खाणं, आम्ल कमी करणारं औषध, व्रणावर लेप देणारं सुक्राल्फेट, लोह, हे डॉक्टरांच्या हाताखाली नियमाने द्यायचं. दर आठवड्याला वजन आणि हिरड्यांचा रंग बघायचा. आणि ज्या दिवशी ती खाणं सोडेल, मध चोळूनही उठेनाशी होईल, किंवा पोटदुखीने जागा बदलत राहील, त्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलावून तिला वेदनेविना झोपवायचं. आतडं फुटून जाणं हे नैसर्गिक असलं तरी फार यातनेचं मरण आहे. त्यातून तिला वाचवणं ही सेवाच आहे, आणि सासऱ्यांनाही हे समजेल असा मला विश्वास आहे.

तुम्ही तिला शिळं दिलं, भाकरी दिली, म्हणून ही गाठ झाली असंही मनात आणू नका. कुत्र्यांत या गाठी कशाने होतात याचं असं बोट दाखवण्याजोगं कारण नाही.

उद्या सकाळचा साखरेचा आकडा आणि छातीचे एक्स-रे मला कळवा. आकडा ६० च्या खाली आला तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी तिला दाखल करा.